भुसावळ ते नवापूर: लाल-हिरव्या दिव्यांच्या मागे खान्देशभर

गुरुवार, भुसावळ

गाडी भुसावळ यार्डात शिरली तेव्हा नुकतं उजाडत होतं. डिसेंबरातली थंडी, खिडकीच्या काचेवर धुकं, आणि बाहेर एका रुळाचे दहा रूळ होत चाललेले. प्रत्येक रुळाच्या वाट्याला आपापला दिवा. कुठे लाल, कुठे पिवळा, कुठे एकावर एक दोन पिवळे, लांब एखादा हिरवा. चौकातल्या सिग्नलचा इतिहास वाचताना मला दर वेळी शेवटी रेल्वेपाशीच यावं लागत होतं. म्हणून खान्देशातल्या चौफुल्या बघायला निघताना सुरुवात भुसावळपासून करायची, हे नक्की होतं. १८६० च्या दशकात इथे रेल्वे आली. पुढे एक लाइन खंडवा-इटारसीकडे गेली, दुसरी अकोला-नागपूरकडे, आणि गावात निम्म्या घरांना रेल्वेचा पगार सुरू झाला.

मामेभावाच्या शेजारी एक आप्पा राहतात, निवृत्त मेल ड्रायव्हर. आता लोको पायलट म्हणतात, पण गल्लीत त्यांची ओळख ड्रायव्हर आप्पा हीच. चहा होतो न होतो तोच त्यांनी माळ्यावरून एक जुनी हातबत्ती खाली काढली. काळा पडलेला पत्रा, वर टोपीसारखी चिमणी, पुढे हाताच्या तळव्याएवढी फुगीर काच. आतमध्ये रंगीत काचा बसवलेला एक पत्र्याचा नळा. चिमणी धरून फिरवली की नळा फिरतो आणि फुगीर काचेमागे कधी लाल काच येते, कधी हिरवी, कधी नुसती मोकळी जागा.

मी काच उजेडात धरून बघितली. हिरवी म्हणून दाखवलेली काच चक्क निळी होती, जांभळट नाही पण मोरपंखी म्हणावी अशी. आप्पा हसले. म्हणाले, "थांब बेटा, पेटवू दे." वात पेटली, चिमणी बसली, आणि तीच निळी काच स्वच्छ हिरवी दिसायला लागली. रॉकेलची ज्योत पिवळी असते. तिच्यापुढे हिरवी काच धरली तर उजेड पिवळट पडतो, पिवळ्या दिव्याशी घोटाळा होतो. म्हणून काच मुद्दाम निळसर करत, की ज्योत आणि काच मिळून हिरवा व्हावा. खांबावरचा आडवा हात वर-खाली होतो त्या जुन्या, हाताच्या सिग्नलच्या काचाही अशाच असत. पुस्तकात हे एका ओळीत वाचलं होतं. अंधाऱ्या खोलीत निळ्याचा हिरवा होताना पाहिला तेव्हा ते खरं कळलं.

(जपानमध्ये आजही चौकातला हिरवा बराच निळसर असतो. तिथले लोक त्या दिव्याला निळाच म्हणत आले. १९७३ मध्ये सरकारने दिवा हिरवाच ठेवला, पण छटा होईल तितकी निळ्याकडे नेली.)

आप्पांनी दुसरी गोष्ट करून दाखवली ती मला जास्त मोलाची वाटते. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. पुढचा सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने रंग सांगायचा आणि दुसऱ्याने तोच रंग मोठ्याने परत म्हणायचा. खुर्चीत बसल्या बसल्या आप्पांनी उजवा हात समोर केला आणि खणखणीत आवाजात दोन पिवळे पुकारले. आतून काकूंनी आवाज दिला, "दोन पिवळे!" अख्खी नोकरी ऐकून त्यांचंही पाठ झालेलं. दोन पिवळे म्हणजे तयारीत राहा, पुढच्या सिग्नलवर वेग कमी लागणार. एक पिवळा म्हणजे त्याच्या पुढचा लाल असू शकतो, थांबायच्या तयारीने जा. भरधाव गाडी थांबवायला किलोमीटरभर अंतर सहज लागतं, त्यामुळे लाल नुसता लाल होऊन चालत नाही, त्याची वर्दी आधीच्या दिव्यांनी द्यावी लागते.

रंग कसे ठरले, याची गोष्टही रेल्वेचीच. सुरुवातीला इंग्लंडात लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जपून, आणि पांढरा म्हणजे बिनधास्त जा. पांढऱ्यात धोका होता. लाल काच फुटून पडली की मागची ज्योत पांढरी दिसायची, आणि थांबायच्या जागी ड्रायव्हर सुसाट जायचा. रुळाकाठी घरं-दुकानं वाढली तसे पांढरे दिवे चहूकडे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरा काढून टाकला, जाण्यासाठी हिरवा आला, आणि जपून जाण्यासाठी पुढे पिवळा.

हाताच्या सिग्नलबद्दलही असंच. २१ जानेवारी १८७६ ला इंग्लंडात अ‍ॅबट्स रिप्टनजवळ बर्फ साचून सिग्नलचे हात 'जा' या स्थितीतच गोठले. केबिनमधला माणूस दांडा ओढून लाल देतोय, आणि बाहेर हात जागचा हलत नाही. गाड्या एकमेकींवर आदळल्या. तोवर सिग्नल एरवी 'जा' म्हणत असायचा आणि गरज पडली की लाल व्हायचा. त्यानंतर उलटं झालं: एरवी लाल, आणि मार्ग मोकळा आहे याची खात्री पटली तरच हिरवा. तार तुटली, वीज गेली, काहीही बिघडलं तरी सिग्नल लालकडे झुकला पाहिजे. रस्त्यावरच्या सिग्नलची चर्चा करताना मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण चौकाने रेल्वेकडून रंग घेतले, हा स्वभाव मात्र अर्धाच घेतला. चौकातल्या नियंत्रकात दोन आडव्या दिशांना एकदम हिरवा मिळू नये याची सोय असते. पण वीज गेली की चौकातला दिवा लाल होत नाही, विझतो.

रस्त्यावरचा पहिला सिग्नल लावला तोही रेल्वेच्याच माणसाने, जॉन पीक नाइटने. १० डिसेंबर १८६८, लंडन, पार्लमेंटसमोर. दिवसा रेल्वेसारखे हात, रात्री गॅसवरचे लाल-हिरवे दिवे, आणि खाली तो हलवायला पोलीस. हिरव्याचा अर्थ तेव्हा रेल्वेच्या रिवाजाप्रमाणे 'जपून' असाच होता. मुख्य उद्देश पायी चालणाऱ्यांना, त्यातही पार्लमेंटच्या सभासदांना, घोडागाड्यांच्या गर्दीतून रस्ता ओलांडता यावा हा. म्हणजे सिग्नल जन्मला तो पायी माणसासाठी. महिनाही झाला नव्हता, तोवर २ जानेवारी १८६९ ला गॅस गळून स्फोट झाला, पोलीस जखमी झाला, आणि पुढची कित्येक वर्षं कोणी रस्त्यावर सिग्नलचं नाव काढलं नाही.

रात्री भरीत, कळण्याची पुरी आणि कांद्याची पात. आप्पा म्हणाले, "लाल दिसला का ड्रायव्हर कारण विचारत नाही. पुढे गाडी असंल, गेट उघडं असंल, रूळ तुटला असंल. त्याला ठाऊक आहे, कारण असल्याशिवाय लाल नसतो." पुढच्या सगळ्या चौफुल्यांवर मी हेच वाक्य घेऊन उभी होते: इथल्या लालला कारण आहे का, आणि ते थांबणाऱ्याला पटतं का?

शुक्रवार, जळगाव

एसटीने नशिराबादमार्गे तासाभरात जळगाव. महामार्ग या शहराच्या मधून गेला आणि शहर त्याच्या दोन्ही अंगांना वाढलं. अजिंठा चौफुली, इच्छादेवी चौक, आकाशवाणी चौक ही नावं जळगावकर सांगतो तेव्हा त्यात पत्ता कमी आणि काळजी जास्त असते. कोलकात्याकडे निघालेला ट्रेलर आणि मुलीला शाळेत सोडायला निघालेली आई, दोघं एकाच डांबरावर. समांतर रस्त्यांसाठी इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, आंदोलनं केली. अशा गावात सिग्नल हा शोभेचा खांब नसतो, हे आधी ध्यानात घ्यायला हवं.

भाचा इथे सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या प्रोजेक्टसाठी एका चौकात वाहनं मोजायची होती, मीही त्याच्याबरोबर पॅड घेऊन उभी राहिले. चौकाचं नाव सांगत नाही, कारण तिथली दुखणी एका चौकाची नाहीत. चार दिशा, चारही बाजूंना आकडे उलटे मोजणारे टायमर, एका कोपऱ्यात केळीची हातगाडी, दुसऱ्यात रिक्षांची रांग.

मोजणीचा कागद मला फार आवडला. वाहनांचे रकाने असतात आणि प्रत्येकाला वजन असतं. मोटार म्हणजे १. दुचाकी ०.५, ट्रक किंवा बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५, आणि बैलगाडी ८. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने १९९० मध्ये ग्रामीण रस्त्यांसाठी दिलेली ही मापं आहेत; लहान बैलगाडीला ६ धरायची मुभा आहे. म्हणजे एक बैलगाडी रस्त्याची जितकी जागा आणि वेळ घेते, त्यात आठ मोटारी निघून जातात. शहरातल्या चौकासाठीची मापं वेगळी असतात, पण भाच्याच्या चौकात खेडं आणि शहर दोन्ही येतं, त्यामुळे त्याने दोन्ही कागद सोबत ठेवले होते.

आता या आकड्यांचं काम काय ते सांगते, कारण सिग्नल म्हटलं की आपण रंगांवर बोलतो आणि सेकंदांवर बोलतच नाही. लाल-पिवळा-हिरवा असा पूर्ण फेरा किती सेकंदांचा असावा, याचं सूत्र वेबस्टर नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९५८ मध्ये दिलं. आजही अभियांत्रिकीची मुलं तेच शिकतात. प्रत्येक दिशा सुटताना पहिल्या गाडीला हलायला वेळ लागतो, आणि बंद होताना शेवटचे सेकंद वाया जातात. फेऱ्यातल्या या सगळ्या वाया सेकंदांची बेरीज घ्यायची, तिची दीडपट करायची, त्यात ५ मिळवायचे. मग चौकाची किती ताकद गर्दीने खाल्ली आहे ते बघायचं आणि उरलेल्या ताकदीने भागायचं. समजा वाया सेकंद १२. दीडपट अधिक पाच म्हणजे २३. गर्दीने ७० टक्के ताकद खाल्ली असेल तर उरले ०.३, आणि फेरा आला साधारण ७७ सेकंदांचा. गर्दी ८५ टक्क्यांवर गेली की तोच फेरा १५३ सेकंद. गर्दी आणखी थोडी वाढली तर सेकंद वाढतच राहतात आणि चौक काही सुटत नाही. दोन मिनिटांच्या वर फेरा ताणला की थांबणाऱ्याचा धीर सुटतो, हे सगळेच मानतात.

ब्रिटनमध्ये हे गणित झालं ते शिस्तीत एकामागे एक उभ्या राहणाऱ्या मोटारींवर. आमच्या चौकात लाल लागला की दुचाक्या फटीफटीतून पुढे येऊन पांढऱ्या पट्टीवर जमतात, आणि हिरवा लागताच पहिल्या पाच सेकंदांत त्या सगळ्या निघून जातात. त्यांच्यामागे ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. तो पहिला गिअर टाकून हलेपर्यंत टायमर निम्म्यावर. परगावच्या चौकाचे सेकंद इथे उतरवले तर ट्रॉलीवाल्याच्या मागचा माणूस दोनदा लाल खातो आणि तिसऱ्यांदा तोडतो. त्याला बेशिस्त म्हणण्याआधी कोणीतरी इथले सेकंद इथे उभं राहून मोजावेत, असं माझं मागणं आहे. या साऱ्या फेरफटक्यातून मला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच.

दुपारी कडब्याची बैलगाडी आली. गाडीवर म्हातारे बाबा, डोक्याला मफलर. लाल होता, बैल चालतच राहिले. चौकातल्या महिला पोलीस पुढे झाल्या, हात आडवा केला. "बाबा, थांबा ना, लाल शे!" बाबांनी कासरा ओढला आणि शांतपणे म्हणाले, "बैलले काय कळस लाल-हिरवं?"

अगदी खरं बोलले. गाई-बैलांच्या डोळ्यांना लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत. आणि माणसांतही, विशेषतः पुरुषांत, असे अनेकजण असतात ज्यांना हे दोन रंग सारखेच भासतात. ते सिग्नल पाळतात जागेवरून: वरचा थांबा, खालचा जा. म्हणून लाल वर, हिरवा खाली हा क्रम मोडायचा नसतो. जगात एका ठिकाणी तो मोडला आहे. अमेरिकेत सिराक्यूज शहरात टिपररी हिल नावाची आयरिश वस्ती आहे. १९२० च्या दशकात तिथे सिग्नल लागला तेव्हा ब्रिटिशांचा लाल आयर्लंडच्या हिरव्याच्या वर बसलेला पोरांना सोसला नाही. त्यांनी दगड मारून मारून दिवे फोडले. शेवटी पालिकेने हिरवा वर, लाल खाली केला. तो आजही तसाच आहे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये दुसरा उपाय आहे: अनेक सिग्नलांवर लाल चौकोनी, पिवळा शंकरपाळ्यासारखा आणि हिरवा गोल. रंग न ओळखणाऱ्याला आकार ओळखता येतो. आपल्याकडे हे का होऊ नये, मला खरंच कळत नाही.

शनिवार, जळगावच

सकाळी पुन्हा त्याच चौकात, कारण कालच्या महिला पोलिसांनी खांबाजवळची पेटी दाखवायचं कबूल केलं होतं. करड्या रंगाची लोखंडी पेटी, गुडघ्याइतक्या उंच ओट्यावर. किल्लीने दार उघडलं की आत एक बोर्ड, तारांचे जुडगे, आणि एक खटका: आपोआप किंवा हाताने. खटका हाताने चालवण्यावर टाकला की पुढचं बटण दाबेपर्यंत दिशा बदलत नाही. "अ‍ॅम्ब्युलन्स आली, शाळा सुटली, अंत्ययात्रा आली, का मी इथे येते," त्या म्हणाल्या. आणि रात्री उशिरा? "पिवळा ब्लिंकिंगला." लुकलुकणारा पिवळा म्हणजे बघून, जपून जा. लुकलुकणारा लाल म्हणजे आधी पूर्ण थांब, मग बघून जा. हा दुसरा अर्थ आम्ही विचारलेल्यांपैकी फारच थोड्यांना सांगता आला. लायसन्सच्या वेळी पाठ केलेलं नंतर कोणी विचारतच नाही.

दिवसभर उभं राहून त्यांचा आवाज बसला होता. हॉर्नमुळे शिट्टीही ऐकू जात नाही, अशी त्यांची तक्रार. तेव्हा त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. १९२८ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला चार्ल्स अ‍ॅडलर नावाच्या संशोधकाने असा सिग्नल बसवला की लालपाशी येऊन हॉर्न वाजवायचा, खांबावरचा मायक्रोफोन तो ऐकणार आणि दिवा बदलणार. गाडी आल्याचं ओळखून चालणाऱ्या सिग्नलांची ही सुरुवात. आणि २०१९-२० मध्ये मुंबई पोलिसांनी नेमकं उलट करून बघितलं: लालवर थांबलेल्यांच्या हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की टायमर पुन्हा पहिल्यापासून. जितका हॉर्न, तितकं थांबणं. ताई टायमरकडे बघत म्हणाल्या, "हे दुसरं इथे लावा, मी स्वतः अर्ज देते."

उलट्या टायमरबद्दल माझं मत मात्र त्यांच्यापेक्षा वेगळं आहे. लोकांना तो आवडतो, इंजिन बंद करता येतं, आणि कारण नसलेला लाल वाटत नाही, हे मान्य. पण पाच उरले की अख्खी रांग गुरगुरायला लागते आणि दोन उरले की सुटते. आडव्या दिशेचा शेवटचा माणूस त्याच दोन सेकंदांत चौकाच्या मध्ये असतो. ब्रिटनमध्ये लाल संपताना लालबरोबर पिवळा लागतो, तयारीपुरता. ऑस्ट्रियात हिरवा संपताना लुकलुकतो. दोन्हीकडे वर्दी मिळते, पण आकड्यांची शर्यत लागत नाही.

आणखी एक. चौकातली एकही झेब्रा पट्टी पूर्ण दिसत नव्हती, आणि पायी माणसासाठी वेगळा दिवाच नव्हता. मुंबईत २०२० मध्ये दादर परिसरात चालणाऱ्या माणसाच्या चित्राऐवजी स्त्रीचं चित्र असलेले दिवे लागले, त्याची बातमी सगळीकडे झाली. पूर्व बर्लिनमध्ये १९६१ मध्ये कार्ल पेगलाऊने काढलेला टोपीवाला हिरवा माणूस तर दोन्ही जर्मनी एक झाल्यावरही लोकांनी काढू दिला नाही. ज्याच्यासाठी लंडनला पहिला खांब उभा राहिला तो पायी माणूस आपल्या जिल्ह्याच्या गावी मात्र गाड्यांच्या हिरव्यात आपली फट शोधतो.

रविवार, धुळे

पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे. वाटेत केळीचे ट्रक. रावेर-सावद्याकडचा माल वेळेत पोचायला हवा, म्हणून लोड गाडी दमानं चालवणं ड्रायव्हरला परवडत नाही. त्यांच्या मागून जाताना पिवळ्या दिव्याचं गणित मनात चालू होतं. ताशी ५० च्या वेगाला सेकंदाला १४ मीटर अंतर कापलं जातं. पिवळा दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद. मोटारीला बरा ब्रेक लागला तर पुढच्या ३३ मीटरांत ती थांबते, आणि तिला पिवळा तीन-सव्वातीन सेकंद पुरतो. लोड ट्रकला त्याच्या निम्म्याच जोराने ब्रेक लागला तर ६५ मीटर हवेत, आणि पिवळा साडेपाच सेकंदांच्या पुढे. महामार्गावरच्या चौफुलीला शहरातला तीन सेकंदांचा पिवळा लावला, तर ट्रकवाला थांबूही शकत नाही आणि निघूही शकत नाही. तो लाल तोडतो तेव्हा नेहमी मस्तीने तोडतो असं नाही.

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-कोलकाता हे दोन थोर रस्ते एकमेकांना भेटतात. जुने ३ आणि ६ क्रमांक जाऊन आता ५२, ५३, ६० आले, तरी ट्रकवाल्यांच्या तोंडी जुनेच. शहरात मात्र खरी गंमत आग्रा रोडला समांतर गेलेल्या गल्ल्यांची. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खान्देशचं ठाणं केलं आणि नवी पेठ आखून घेतली. आजही इथले पत्ते गल्ली नंबरने सांगतात: चार नंबर, पाच नंबर, सहा नंबर. सरळ उभ्या गल्ल्या, त्यांना काटकोनात आडवे रस्ते, आणि दर थोड्या अंतरावर एक छेद.

अशा आखीव शहरात एकेकटा सिग्नल लावून भागत नाही. एकाने सोडलेली रांग पुढच्याच्या लालवर आपटते. सॉल्ट लेक सिटीही अशीच चौकोनी आखलेली. तिथे १९१७ मध्ये सहा चौकांचे सिग्नल एकाच ठिकाणाहून चालवून बघितले. त्याच शहरात १९१२ मध्ये लेस्टर वायर नावाच्या पोलिसाने लाकडी खोक्यात लाल-हिरवे विजेचे दिवे बसवले होते. १९१४ मध्ये क्लीव्हलँडला विजेचा सिग्नल रीतसर उभा राहिला, त्याला रंग बदलताना घंटेसारखा बझर होता. १९२० मध्ये डेट्रॉइटला विल्यम पॉट्स या आणखी एका पोलिसाने मध्ये पिवळा घातला आणि चारही दिशांना तीन दिवे केले. १९२३ मध्ये गॅरेट मॉर्गन या कृष्णवर्णीय संशोधकाने सगळ्या दिशा एकदम थांबवणाऱ्या सिग्नलचं पेटंट घेतलं. यातले दोघं चौकात उभे राहून पाय दुखलेले पोलीस होते, हे मला फार बोलकं वाटतं.

पाचकंदीलला संध्याकाळी लग्नसराईची खरेदी. एकही दिवा न बघता गर्दी वाहत होती, आणि वाहत होती हे खरं. हातगाड्या, रिक्षा, बुलेट, बस्त्याच्या पिशव्या घेतलेल्या बायका, सगळ्यांचा वेग चालण्याइतकाच, त्यामुळे नजरेला नजर देऊन काम भागतं. भूतानच्या थिंफूमध्ये सिग्नल बसवून पुन्हा काढले, लोकांना चौकातला हातमोजेवाला पोलीसच बरा वाटला. पेठेच्या आत मलाही सिग्नलपेक्षा तेच पटतं. सिग्नल हवा तो पेठेच्या तोंडाशी, जिथे ताशी ५० ची गाडी ताशी ४ च्या माणसाला भेटते. रात्री शेवभाजी, नाकाडोळ्यांतून पाणी आणणारी.

सोमवार, नंदुरबार

सोनगीर, दोंडाईचा करत दुपारी नंदुरबार. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्यांवर लालभडक माल वाळत पडलेला, बसमध्येही ठसका लागत होता. १९९८ मध्ये जिल्हा झाल्यावर गाव झपाट्याने वाढलं. आठवडे बाजाराला अक्कलकुवा-धडगावकडची माणसं जीप भरभरून येतात. स्टँडजवळ एका पावरा कुटुंबाने रस्ता ओलांडायला बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी एका रिक्षावाल्याने आडवी रिक्षा घालून त्यांना वाट करून दिली. सिग्नल तिथे नव्हता. दुसरं सांगण्यासारखं काही नाही, मीही प्रवासाने थकले होते.

मंगळवार, नवापूर

सकाळच्या पॅसेंजरने नवापूर. या स्टेशनाची ख्याती अशी की ते निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे. तिकीट खिडकी आपल्याकडे, स्टेशन मास्तरांचं ऑफिस गुजरातेत. मधल्या एका बाकावर सीमारेषा रंगवलेली. एका टोकाला बसलं की महाराष्ट्र, दुसऱ्या टोकाला गुजरात. घोषणा मराठीत होते, गुजरातीतही होते. प्लॅटफॉर्मवर पोलिसांची हद्द बदलते, कायदेही बदलतात: इकडच्या टोकाला चालणारी बाटली तिकडच्या टोकाला गुन्हा आहे.

रुळांवरचा सिग्नल मात्र दोन्ही राज्यांना एकच. लाल होता, पिवळा झाला, मालगाडी एका राज्यातून दुसऱ्यात गेली. रस्त्यांसाठी असा मेळ जगभर बसावा म्हणून १९६८ मध्ये व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि रंगांपुरता तो बसलाही. सेकंदांचा करार करता येत नाही. ते ज्या त्या चौकात, तिथल्या बैलगाडीला आणि तिथल्या म्हातारीला बघूनच ठरवावे लागतात.

भाच्याचा फोन आला तो याच बाकावर. त्याने रविवारी एकट्याने पायी माणसांची मोजणी केली होती. रस्ता २० मीटर रुंद. पुस्तकात चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे १७ सेकंद पुरे. पण मंदिरात जाणाऱ्या आजीबाई, पाठीवर दप्तर आणि हाताला धाकटी असलेली पोरं यांचा वेग त्याला ०.८ च्या आसपास दिसला. त्यांना २५ सेकंद लागतात, आणि सध्या तिथे त्यांना हक्काचा एकही सेकंद नाही. "मावशी, पादचाऱ्यांसाठी वेगळा टप्पा घातला तर फेरा दोन मिनिटांच्या वर जातो. काय करू?" मी म्हटलं, रस्त्याच्या मध्ये थांबायला ओटा मागून बघ, म्हणजे दहा-दहा मीटरचे दोन टप्पे होतील आणि एका वेळी साडेबारा सेकंदांत भागेल. ओट्याचं चित्र काढून तो पुढच्या आठवड्यात रिपोर्ट देणार आहे. कडब्याच्या बैलगाडीचं वजन किती धरायचं, ६ की ८, यावर मात्र त्याचं आणि त्याच्या सरांचं अजून एकमत झालेलं नाही. मी ८ म्हणते.